निवाडपत्राचा चौथा बंद

१९६५ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आठवड्यात, नागपूरच्या एका दैनिकाच्या जिल्हा पानावर सतरा ओळींची बातमी छापून आली. बातमी एका नव्या पुस्तकाची होती. पुस्तक हडपसरच्या लढाईवर होते. अकराव्या आणि बाराव्या ओळीत असे म्हटले होते की, या लढाईत तोफ सोडून पळालेल्या गोलंदाजाचे वंशज आज घाटंजी येथे लोखंडकाम करतात. बातमीच्या डोक्यावर ‘आमच्या घाटंजी वार्ताहराकडून’ अशी ओळ होती. घाटंजीचा वार्ताहर मी होतो.

लोखंडकाम करणारी घरे गावात चार-पाच होती. पण गोलंदाजाचे म्हणून ओळखले जाणारे घर एकच होते. ते मुसलमान कुटुंब होते आणि लोक त्यांना तोफवाले म्हणत. घरातले कर्ते गृहस्थ तेव्हा साठीच्या जवळ होते. सगळे गाव त्यांना चाचा म्हणे, मीही म्हणत असे. ऑइल इंजिने, विहिरीवरचे पंप, बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा, कुलपे, असे सगळे काम ते करत. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा बिघडला की त्यांनाच बोलावणे जाई. त्या सप्टेंबरात सीमेवर युद्ध सुरू झाले, तेव्हा इशाऱ्यासाठी हाच भोंगा वापरायचे ठरले आणि त्याची जबाबदारी चाचांकडे देण्यात आली. भोंग्याच्या खोलीची किल्ली ते कमरेला लावून हिंडत. प्रत्यक्षात इशारा देण्याची वेळ आली नाही.

हडपसरची लढाई २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत झाली. एका बाजूला इंदूरकर सरदार स्वतः होता. त्याच्यासमोर पेशव्यांची फौज आणि ग्वाल्हेरकरांचा सेनापती उभा होता. दोन्ही सरदारांची घराणी एकाच राज्याची चाकर. दोन्हीकडे कवायती पलटणी, दोन्हीकडे फिरंगी अधिकारी, आणि दोन्हीकडच्या गोटांत बोलली जाणारी भाषा एकच. त्याआधी इंदूरकराच्या भावाला पुण्यात हत्तीच्या पायी दिले होते. इंदूरकराने घोडदळ घेऊन समोरच्या तोफांवर चाल केली आणि लढाई जिंकली. पेशव्यांनी पुणे सोडले, ते पुढे वसईला गेले आणि वर्ष संपता संपता त्यांनी इंग्रजांशी तह केला. इथपर्यंत वाद नाही.

वाद होता तो ग्वाल्हेरकरांचा सेनापती का हरला याबद्दल. यवतमाळच्या शाळेत ज्यांनी मला इतिहास शिकवला त्या गुरुजींचे यावर ठाम मत होते. ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते आणि बारा वर्षे या एकाच दिवसावर लिहीत होते. त्यांचे म्हणणे असे की, सेनापतीची आखणी बिनचूक होती. त्याच्याच गोलंदाजांनी त्याला दगा दिला. तोफा पाच मिनिटे आणखी चालल्या असत्या तर इंग्रज पुण्यात आलेच नसते. वर्गात ते फळ्यावर लढाईचा नकाशा काढत आणि तोफांच्या जागी खडूने फुल्या मारत. आम्हाला त्या फुल्या पाठ होत्या.

तोफवाल्यांच्या घरात एक मोडी कागद आहे, ही माहिती गुरुजींना मी दिली. १९६२ च्या उन्हाळ्यात ते एसटीने घाटंजीला आले आणि मी त्यांना चाचांच्या दुकानात घेऊन गेलो.

चाचांनी घासलेटच्या फडक्याला हात पुसले आणि आढ्याच्या लाकडावरून पाइपचा एक तुकडा काढला. दोन्ही टोकांना लाकडी बुचे ठोकलेली होती. आत कापडात गुंडाळलेला कागद होता.

“कितीक वर्षं झाले, कोणी वाचलं नाही,” चाचा म्हणाले. “माह्या दादाच्या वक्ती एक पटवारी वाचे. तो गेला, मंग पाइपातच राह्यलं.”

“आत काय आहे, ठाऊक आहे का?” गुरुजींनी विचारले.

“घरचे सांगत, दोघं सख्खे भाऊ होते. एक इकडच्या तोफेवर, एक तिकडच्या. आमी इकडच्याचे.”

“इकडच्या म्हणजे कुणाच्या?”

“ते आता तुमी सांगा, गुरुजी. तुमी शिकलेसवरले. आमाले फक्त इकडचा न तिकडचा माहीत हाये.”

गुरुजी हसले. त्यांनी चष्मा पुसला आणि कागद मांडीवर उलगडला.

जुने मोठे कागद एका सलग तावावर लिहिलेले नसत. अरुंद लांबट पट्ट्या एकीखाली एक खळीने डकवत. अशा प्रत्येक पट्टीला बंद म्हणतात. जोड जिथे येई तिथे मागून शिक्का उठवत, अर्धा वरच्या बंदावर आणि अर्धा खालच्या. मधला किंवा शेवटचा बंद कोणी काढला तर अर्धा शिक्का मागे राहतो आणि चोरी उघडी पडते. हे मी त्या दिवशी गुरुजींकडूनच शिकलो. या कागदाला चार बंद होते.

कागद म्हणजे निवाडपत्र होते. लढाईनंतर काही वर्षांनी ग्वाल्हेरच्या दरबारात गोलंदाजावर तक्रार झाली, तिचा हा निवाडा. पहिल्या बंदात नावे आणि तिथी. दुसऱ्यात तक्रार, की चाल आल्यावर याने तोफ सोडली. चाचा भात्याजवळ उभे होते, ते खाली बसले.

“पळाला?” त्यांनी विचारले.

“थांबा हो. ही तक्रार आहे. अजून उत्तर व्हायचं आहे.”

तिसऱ्या बंदात तक्रारीच्या बाजूचे दोन साक्षीदार होते. चौथ्यात गोलंदाजाच्या बाजूची एकच साक्ष होती, ती त्याच्या भावाची. भाऊ इंदूरकराच्या तोफखान्यात होता, म्हणजे शत्रूकडे. त्याने सांगितले होते की चाल संपल्यावर तो पुढे गेला, तेव्हा आपला भाऊ तोफेच्या चाकाखाली पडलेला त्याला सापडला आणि त्याने स्वतः त्याला बाहेर काढले. त्याखाली निवाडा होता. तक्रार खोटी ठरली होती.

चाचा उठून उभे राहिले. मग आतल्या दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, “सुनती हो? भाई ने गवाही दी थी. सामनेवाले ने.”

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, “तो चाय रखूँ क्या अब?”

“रखो, रखो. शक्कर ज़्यादा.”

माझ्या खिशात वही होती. मी ती काढली नाही. गुरुजी वाचत होते आणि मी वर्गात ऐकावे तसा ऐकत होतो.

चहा झाल्यावर गुरुजींनी कागद नक्कल करण्यासाठी पंधरा दिवस मागितला. चाचांनी त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितले.

“भाऊ, तुमी म्हणसान त देतो.”

“द्या,” मी म्हणालो.

पावती घेतली नाही. ग्रामपंचायतीच्या ठरावाची नक्कलसुद्धा मी सही घेतल्याशिवाय कोणाला देत नसे. पण गुरुजींकडे पावती मागायची असते हे माझ्या मनात आले नाही, आणि माझ्या मनात आले नाही म्हणून चाचांनीही ती मागितली नाही.

कागद दहा महिन्यांनी परत आला. १९६३ मध्ये यवतमाळच्या बसस्टँडवर गुरुजींनी पाइप माझ्या हातात दिला. मी तो न उघडता चाचांना नेऊन दिला. त्यांनी तो न उघडता आढ्यावर ठेवला. बंद कोणीच मोजले नाहीत.

तालुक्याचा वार्ताहर कसे काम करतो ते इथे सांगणे भाग आहे. बातम्या बहुतेक तयार येत. शाळेचा समारंभ, सोसायटीची सभा, मंडळाची निवडणूक, ज्याचे त्याने लिहून आणावे. मी त्यातली विशेषणे खोडत असे, तारीख आणि ठिकाण तपासत असे आणि पाकीट नागपूरच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ देत असे. १९६५ च्या ऑक्टोबरात गुरुजींनी आपल्या पुस्तकाची बातमी अशीच पाठवली. युद्ध नुकतेच थांबले होते आणि लढाया, सेनापती, फितुरी या गोष्टींना पानावर जागा मिळत होती. मजकूर दोन पानांचा होता. पहिल्या पानावरची तीन विशेषणे मी खोडली. गाडी सुटायला आली होती. दुसरे पान गुरुजींच्या अक्षरातले होते म्हणून तसेच लावले. पुस्तकाची प्रत सोबत होती, ती मी उघडली नव्हती.

बातमी आली त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी चाचांच्या दुकानावरून जात होतो. समोर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या.

“काय चाचा,” एक गाडीवाला म्हणाला, “आज पाना सोडून पळान का काय?”

“तुही धाव बसवून पळतो, थांब,” चाचा म्हणाले. चारचौघे हसले. चाचाही हसले. त्यांना अजून काही माहीत नव्हते. बातमी त्यांना वाचून दाखवली ती दुपारी, कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात.

दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याने अर्धे झालेले चाक उचलून नेले. चाचांनी काहून म्हणून विचारले तेव्हा तो म्हणाला, “राहू द्या ना. कोण कोणाच्या इकडून हाये ते आता पेपरातच येऊन राह्यलं.” तिसऱ्या दिवशी भोंग्याची किल्ली ग्रामपंचायतीने मागून घेतली. कारण विचारल्यावर शिपायाने सांगितले की युद्ध संपले आहे. त्याच संध्याकाळी किल्ली दुसऱ्या एका लोहाराकडे देण्यात आली.

चौथ्या दिवशी चाचा माझ्या घरी आले. बाजेवर बसले नाहीत. हातात पाइप होता.

“हे तुमी लिवलं?”

“मी पाठवलं.”

“त्यात आणि यात काय फरक पडते, भाऊ?”

 त्यांनी बूच काढले आणि कागद माझ्या अंगणात पसरला. तीन बंद होते. तिसऱ्याच्या शेवटी कागद संपत होता. साक्षीदार तक्रारीचे होते ते तेवढे राहिले होते.

“भावाचा गेला,” चाचा म्हणाले. “मले वाचता येत नाही, पण मोजता येते.”

मी त्या दिवशी पुस्तक वाचले. तोफ सोडल्याचे वाक्य एकशे बाराव्या पानावर होते. त्याखाली तळटीप होती, ‘मूळ निवाडपत्र, लेखकाच्या संग्रहातून’. पुढे वंशजांचा उल्लेख होता.

गुरुजी यवतमाळात, लोहारा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहत. मी सकाळच्या गाडीने गेलो. ते पुस्तकाच्या प्रतींना कव्हरे घालत बसले होते. त्यांनी मला नेहमीसारखे ‘ये रे’ म्हटले.

“चौथा बंद कुठे आहे, गुरुजी?”

“तीनच होते.”

“तुम्ही चार वाचलेत. मी समोर होतो.”

“लिहून घेतलंस?”

“नाही.”

“मग?” ते कव्हराची घडी घालत राहिले. “अरे, पत्रकार तू. ऐकलेलं छापतोस का? आणि समज, असतं काही. भावाची साक्ष भावाला. कुठल्या न्यायात धरतात ती? एका माणसाच्या घरच्या गोष्टीसाठी सगळा इतिहास बदलायचा?”

“तीनच बंद होते तर भावाची साक्ष तुम्हाला कुठून माहीत?”

गुरुजींनी मान वर केली. मग आत पत्नीला हाक मारून मला चहा द्यायला सांगितले. मी चहा घेतला नाही. त्यांच्या घरी चहा न घेता निघण्याची ती पहिली वेळ. परतीच्या गाडीत मी त्यांचे शब्द वहीत उतरवले. या प्रकरणात मी वेळेवर लिहिलेली ती एकच नोंद आहे.

यवतमाळला सरकारी दफ्तरखान्यात तीस वर्षे दफ्तरी म्हणून काम केलेले एक गृहस्थ होते. जुन्या कागदांचे रुमाल बांधता-सोडता ते मोडी शिकले होते. १९५६ मध्ये त्यांच्या कुटुंबाने बौद्ध धर्म स्वीकारला. त्यानंतर त्यांनी कचेरीतली सही नव्याने, पूर्ण नाव लिहून करायला सुरुवात केली होती, हे मला त्यांनीच सांगितले. चाचा आणि मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो आधी वाचला नाही, उलटा केला. तिसऱ्या बंदाच्या मागे, खालच्या कडेला, शिक्क्याचा वरचा अर्धा भाग होता.

“इथं अजून एक होता,” ते म्हणाले. मग कडेवरून बोट फिरवले. “आन् कापला नाही हां हा. ओलं फडकं ठेवून सोडवला. ज्याले काम येते त्यानं सोडवला.”

“कोणत्याही घरात कागद जुना झाला की सुटतो, असं म्हणतील,” मी म्हणालो.

“म्हनू द्या. मले एक सांगा. निवाडा इरोधात गेला असता त यायच्या घरच्यायनं तो दीडशे वर्षं जपला असता का? चुलीत नसता घातला?”

चाचांनी त्यांच्याकडे बघितले. “भाऊ, तुमी हे लिवून देसान का?”

“देतो की. आता सही पूर्ण करतो मी.”

त्यांनी लिहून दिले. मी खुलाशाचा मजकूर तयार केला. त्यात तीन गोष्टी होत्या. निवाडपत्राला चार बंद होते. शेवटच्यात गोलंदाज निर्दोष ठरला होता. आणि पहिली बातमी पुस्तक न वाचता पाठवली गेली होती. सोबत दफ्तरींचे पत्र जोडले. संपादकांनी दस्तूर म्हणून गुरुजींचे म्हणणे मागवले. गुरुजींच्या उत्तराची नक्कल मला पाठवण्यात आली. तिच्यात दोन वाक्ये होती. पहिले असे की, कागद आपल्याकडे ज्या स्थितीत आला त्याच स्थितीत परत गेला. दुसरे असे की, दफ्तरखान्यातले शिपाई आता मोडी वाचू लागले आहेत ही बातमी आपणास नवीन आहे.

डिसेंबरात खुलासा छापून आला. माझ्या बावीस ओळींपैकी दोन राहिल्या होत्या. ‘हडपसरच्या लढाईसंबंधीच्या वृत्तात उल्लेखिलेल्या निवाडपत्राचा अखेरचा भाग उपलब्ध नाही, असे आमचे घाटंजी वार्ताहर कळवितात.’ मी संपादकांना पत्र लिहिले. उत्तर आले की जागेची अडचण होती.

मी अंक घेऊन दुकानात गेलो आणि दोन ओळी वाचून दाखवल्या.

“उपलब्ध नाही म्हंजे?” चाचांनी विचारले. “होता का नव्हता?”

“होता.”

“मंग होता असं काहून नाही लिवलं?”

“मी लिहिलं होतं. त्यांनी काढलं.”

“त्यायनं बी काढलं,” चाचा म्हणाले. ते भात्याजवळ गेले, विनाकारण एक सळई निखाऱ्यात सरकवली आणि परत आले. “पेपर जाऊ द्या. तुमी माह्यासाठी एका कागदावर लिवून द्या. त्या दिवशी जे आयकलं ते. सगळं. माह्या नातवाले वाचता येते.”

मी दुकानातल्या बाकावर बसून लिहायला घेतले. दिवस, जागा, कोण हजर होते, हे लिहिले. चार बंद, हे लिहिले. भावाची साक्ष, तोफेचे चाक, भावाने बाहेर काढणे, हे लिहिले. निवाड्यापाशी थांबलो. तक्रार खोटी ठरली, हा अर्थ मला नक्की आठवत होता. शब्द आठवत नव्हते. पंचांची नावे, शेवटी कोणाचा शिक्का होता, यातले काही आठवत नव्हते. गुरुजींनी शेवटचे चार शब्द दोनदा वाचले होते, एवढे आठवत होते. ते चार शब्द कोणते, ते नाही.

“काय झालं?” चाचांनी विचारले.

“शब्द आठवत नाहीत. अंदाजाने लिहिले तर उद्या कोणी म्हणेल मी बनवले.”

“भाऊ, तुमी लिवायच्या दिवशी लिवलं नाही. वाचायच्या दिवशी वाचलं नाही. आता अंदाज बी नाही म्हंता.”

हे ते रागाने म्हणाले नाहीत. लोखंड मोजताना बोलतात तसे म्हणाले.

मी आठवले तेवढेच लिहिले. अकरा ओळी झाल्या. अर्थ लिहिला आणि त्यापुढे ‘मूळ शब्द लक्षात नाहीत’ असे लिहिले. खाली सही केली आणि तारीख टाकली. चाचांनी कागद घेतला, त्यावरची शाई फुंकून वाळवली, आणि तो पाइपात न घालता कुराणाच्या कापडात ठेवायला आत पाठवला. त्यानंतर माझ्या घरचे पंपाचे काम ते करत राहिले. माझ्या घरी चहा मात्र त्यांनी पुन्हा घेतला नाही.

भोंग्याची किल्ली त्यांना परत मिळाली नाही. मी ग्रामपंचायतीत दोनदा विचारले. दोन्ही वेळा सांगण्यात आले की तो विषय सभेपुढे आलेला नाही.

१९६८ मध्ये गुरुजींच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. पहिल्या आवृत्तीशी मी ती ओळीओळीने ताडून पाहिली. वंशजांचा उल्लेख आहे. तोफ सोडल्याचे वाक्य एकशे बाराव्या पानावर आहे तसेच आहे. त्याखालची तळटीप काढलेली आहे.